शेरा, जावक क्रमांक आणि छापील उत्तर : आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयाच्या सेवेचा अनुभव

आमच्या लेआउटमधील नवा सिमेंट रस्ता घरांच्या फाटकांपेक्षा सुमारे एक फूट उंच झाला आणि पावसाचे पाणी थेट अंगणात शिरू लागले, ही तक्रार घेऊन मी ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात पहिल्यांदा गेलो. त्यानंतरच्या वर्षभरात त्या कार्यालयाच्या पायऱ्या मी जितक्या वेळा चढलो तितक्या वेळा बँकेच्याही चढलो नसेन. या सेवेला पैसे पडत नाहीत, तिची जाहिरात फ्लेक्सवर होते आणि तिच्याकडून नेमके काय मिळते हे वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हे परीक्षण. पाचपैकी साडेतीन तारे मी देतो. अर्धा तारा कोठे कापला आणि एक पूर्ण तारा का राखून ठेवला, ते पुढे ओघात येईलच. आमदारांचे नाव, त्यांचा पक्ष आणि रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला मोजायची आहे ती नागरिकाची तक्रार मंत्र्यांच्या टेबलापर्यंत नेऊन तिचे उत्तर परत आणण्याची सेवा.

रस्ता, गटार आणि पाणीपुरवठा ही खरे तर राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवलेल्या १८ विषयांमध्ये मोडणारी कामे आहेत. त्यासाठी आमदारांकडे जाणे म्हणजे पायाच्या दुखण्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्यासारखे आहे, असे आमचे एक शेजारी म्हणत आणि ते पुस्तकी अर्थाने बरोबरही होते. परंतु नागपुरात मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मोहल्ल्यातील माणूस ज्यांच्या घरी सकाळी चपला घालून सहज जाऊ शके ते नगरसेवक माजी झाले, आणि तुंबलेल्या गडर लाइनपासून बंद पडलेल्या पथदिव्यापर्यंत सगळ्या तक्रारींचा ओघ आमदारांच्या कार्यालयांकडे वळला. मी गेलो त्या दिवशी बाकावर बसलेल्या चौदा जणांपैकी नऊ जण निव्वळ महापालिकेच्या स्वरूपाच्या कामासाठी आले होते. उरलेल्यांत एका रुग्णाच्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीची शिफारस, महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या कागदपत्रांची शंका आणि शाळाप्रवेश अशी कामे होती. विधानसभेत कायदे होतात, हे त्या खोलीत बसून कोणाच्याही लक्षात आले नसते.

कार्यालय तळमजल्यावर आहे, कूलर आहे, पिण्याचे पाणी आहे आणि वृद्धांना आधी बोलावण्याची पद्धत खरोखर पाळली जाते. दोन संगणक आहेत. स्वीय सहायक बहुधा आमदारांसोबत बाहेर असतात. म्हणून खरा कारभार टंकलेखन करणाऱ्या एका तरुण मुलाच्या हाती आहे आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. मी लेखा शाखेत चौतीस वर्षे काढली असल्यामुळे स्वतःचे निवेदन बरे लिहिले आहे असा माझा समज होता. त्या मुलाने ते वाचले, ‘समस्त रहिवासी अत्यंत त्रस्त असून’ या ओळीवर पेन्सिल ठेवली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “काकाजी, त्रस्त तर सगळेच आहेत. रस्ता किती लांब, किती घरात पाणी, अन् रस्ता कोणाचा, हे तीनच सांगा.” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी तिथेच दिली : लांबी सुमारे ४०० मीटर, घरे २३. तिसऱ्या प्रश्नाने तीन आठवडे घेतले.

हा तिसरा प्रश्न बाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटेल, पण नागपुरात तक्रारींचा निम्मा वेळ याच प्रश्नात जातो. शहरात महापालिका रस्ते बांधते, नागपूर सुधार प्रन्यास बांधते, सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणही बांधते. काही लेआउट एका यंत्रणेकडून दुसरीकडे हस्तांतरित झालेले, काही होण्याच्या मार्गावर असलेले आणि काही केवळ कागदावर हस्तांतरित झालेले असतात. ज्या कार्यालयात मी जून महिन्यात पहिला अर्ज दिला होता त्यांनी रस्ता आमचा नाही असे तोंडी सांगितले होते. त्यानंतर शासनाच्या तक्रार नोंदणीच्या एका संकेतस्थळावर मी टाकलेली तक्रार काही दिवसांनी ‘निकाली काढण्यात आली आहे’ अशा संदेशासह बंद झाली होती. त्या मुलाने आमदारांच्या लेटरहेडवर तीन वेगवेगळ्या कार्यालयांना एकच प्रश्न विचारणारी तीन पत्रे काढली : हा रस्ता आपण बांधला आहे काय, असल्यास कार्यादेशाची (कंत्राटदाराला काम सोपवल्याच्या आदेशाची) प्रत द्यावी. सप्टेंबरच्या मध्याला एका कार्यालयाकडून होकार आला. नागरिक म्हणून मला जे उत्तर तोंडी नकारात मिळाले होते, तेच आमदारांच्या पत्राला लेखी होकारात मिळाले, आणि या एका गोष्टीसाठी मी दोन तारे तेव्हाच मनात नोंदवून टाकले.

यानंतरचा टप्पा म्हणजे मंत्र्यांना पत्र. याच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. आमदार पत्र देतात, संबंधित खात्याचे मंत्री त्याच्या कोपऱ्यात शेरा मारतात आणि तो शेरा पाहून खालचा अधिकारी खडबडून कामाला लागतो, असे चित्र सर्वांच्या डोक्यात असते. आमच्या पत्रावर शेरा आला तो असा : ‘तपासून नियमानुसार कार्यवाही करावी.’ लेआउटमध्ये त्या शेऱ्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरले आणि पेढे वाटण्याची भाषा झाली. मी मात्र गप्प होतो. हा शेरा मी नोकरीत हजारदा पाहिलेला आहे. त्यात तारीख नाही, अहवाल मागितलेला नाही आणि ‘नियमानुसार’ हा शब्द असा आहे की काम न करणेही त्याच्या पोटात मावते. ‘तातडीने कार्यवाही करून अहवाल सादर करावा’ हा शेरा थोडा बरा, आणि त्यात मुदत घातलेली असेल तर तो सर्वांत चांगला. पण तशा शेऱ्यासाठी आमदारांना मंत्र्यांसमोर पत्र ठेवताना दोन वाक्ये बोलावी लागतात, आणि गठ्ठ्याने दिलेल्या पत्रांच्या बाबतीत तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.

शेरा मारलेले पत्र पुढे कसे प्रवास करते, हे मला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून समजले. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून केलेल्या त्या अर्जाचे उत्तर तीस दिवसांच्या मुदतीत आले, हे त्या कार्यालयाच्या श्रेयाचे आहे. मंत्र्यांच्या कार्यालयातून पत्र विभागाच्या सचिवांकडे, तेथून कक्ष अधिकाऱ्याकडे, तेथून संबंधित यंत्रणेच्या प्रमुखाकडे, तेथून अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता अशा पायऱ्या उतरत शेवटी कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येते. आमचे पत्र सात जावक क्रमांक, म्हणजे पत्र बाहेर पाठवताना कार्यालय नोंदवते ते क्रमांक, गोळा करून ज्या टेबलावर पोहोचले, त्याच टेबलावर माझा जून महिन्यातील मूळ अर्ज पडून होता. मुंबईपर्यंतचे आठशेहून अधिक किलोमीटर जाऊन ते माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर परतले होते. फरक एवढाच की आता प्रत्येक पायरीवर एक क्रमांक आणि एक तारीख होती, आणि पत्र मिळाले नाही असे म्हणण्याची सोय कोणालाही उरली नव्हती. जनसंपर्क कार्यालयातून बाहेर पडताना पत्राची प्रत सगळे मागतात; जावक क्रमांक फार थोडे लोक मागतात. तो क्रमांक नसलेली प्रत ही घरात चौकटीत लावण्याच्या योग्यतेची असते, इतकेच.

सप्टेंबरमध्येच एक घटना अशी घडली की आमच्या छोट्या तक्रारीला मोठे वजन प्राप्त झाले. २२ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसले आणि बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. आमचे लेआउट त्या पट्ट्यात येत नाही. आमच्याकडे गुडघ्याच्या खालीच पाणी होते. परंतु सिमेंट रस्त्यांची उंची आणि पाण्याचा निचरा हा विषय त्या आठवड्यापासून शहरभर बोलला जाऊ लागला. आमदारांच्या कार्यालयाने तेव्हा जे केले ते या सेवेतील सर्वांत शहाणपणाचे काम होते. त्यांनी आमच्या ४०० मीटरचा प्रश्न एकटा न ठेवता आणखी काही वस्त्यांमधील निवेदनांसोबत बांधला आणि ‘शहरातील सिमेंट रस्त्यांमुळे वस्त्यांमध्ये पाणी शिरत असल्याबाबत’ असा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, हिवाळी अधिवेशनासाठी मुदतीत दाखल केला. एका गल्लीचा प्रश्न सभागृहात टिकत नाही, सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न टिकतो. हे आम्हाला कोणी सांगितले नसते तर आम्ही आमच्या गल्लीचे नाव घालण्याचाच हट्ट धरून बसलो असतो.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते ते उगाच नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भातील लोकांना दिलेल्या शब्दांपैकी वर्षातून एक अधिवेशन येथे घेण्याचा शब्द होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षापासून ही प्रथा सुरू झाली आणि करोनाच्या काळात २०२० व २०२१ मध्ये ती खंडित झाली. ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर ही सेवा वर्षातील पन्नास आठवडे साध्या पोस्टाने आणि दोनच आठवडे हातोहात चालते. २०२३ चे अधिवेशन ७ ते २० डिसेंबर असे झाले. पुढच्या वर्षीचे १६ ते २१ डिसेंबर असे अवघ्या सहा दिवसांचे होते. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये पूर्ण मंत्रिमंडळ पायी चालण्याच्या अंतरावर असते : मुख्यमंत्री रामगिरीवर, मंत्री रविभवनच्या कॉटेजांमध्ये, राज्यमंत्री नागभवनात, आमदार आमदार निवासात. स्वीय सहायकांनी मला फोनवर स्पष्टच सांगितले होते, “काकाजी, पत्र तर आपण बारा महिने देतो. मंत्र्यांशी बोलणे करायचे असेल तर थंडीत करू.”

आम्हा तिघांना त्यांनी सकाळी साडेसात वाजता रविभवनात बोलावले. कॉटेजच्या अंगणात आमच्याआधी तीनशेच्या आसपास माणसे उभी होती : शिक्षकांच्या संघटना, अंगणवाडी सेविका, एका गावचे सरपंच आपल्या ग्रामसभेचा ठराव घेऊन. आमदार आले, आमच्यासोबत उभे राहिले, आमच्यासाठी रांग मोडली नाही, आणि ही गोष्ट मला आवडली असली तरी माझ्यासोबतच्या दोघांना मुळीच आवडली नाही. सव्वादोन तासांनी आम्हाला जे मिळाले ते साधारण तीन मिनिटे होते. त्या तीन मिनिटांत आमदारांनी मंत्र्यांना एवढेच सांगितले की रस्ता कोणाचा हे निश्चित झाले आहे, कार्यादेश सोबत आहे, पातळी मोजून द्या आणि तारीख द्या. यावेळी शेरा आला : ‘संयुक्त पाहणी करून पंधरा दिवसांत अहवाल सादर करावा.’ आमच्याच लेआउटमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला मोर्चा नेण्याचा प्रस्ताव आला होता. अधिवेशनावर निघणारे मोर्चे हे या शहराचे जुने वास्तव आहे आणि २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्याची आठवण झिरो माइलजवळच्या स्मारकापुढून जाताना माझ्या पिढीला आजही होते. मोर्चाच्या शिष्टमंडळालाही शेवटी मंत्र्यांच्या हाती निवेदनच द्यावे लागते. तेवीस घरांच्या पाण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना मोर्चे अडवले जातात त्या टेकडी रोडवर नेऊन उभे करणे मला पटले नाही, आणि कार्यालयाचा मार्ग हळू असला तरी तोच धरावा असे मी सांगितले.

तारांकित प्रश्नाची हकिगत मात्र वेगळी झाली. प्रश्नोत्तराच्या तासात आमच्या प्रश्नापर्यंत कामकाज पोहोचले नाही आणि त्याचे उत्तर छापील स्वरूपात आले. विधिमंडळाच्या या प्रश्नोत्तरांची भाषा ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी ती एकदा तरी वाचावी, कारण तिच्यात एक कारागिरी आहे. प्रश्न ‘हे खरे आहे काय’ अशा पायऱ्यांनी चढतो आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ येथे संपतो. उत्तर ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन दगडांवर पाय ठेवत प्रवाह ओलांडते. आमच्या बाबतीत पाणी शिरणे ‘अंशतः खरे’ ठरले. तेवीसपैकी कोणत्या घरांत ते खोटे होते, हे कळायला मार्ग नव्हता. विलंबाच्या बाबतीत प्रश्न उद्भवला नाही. परंतु मधल्या एका पायरीवर ‘आवश्यक त्या ठिकाणी पावसाळी नाली बांधण्याची कार्यवाही करण्यात येईल’ असे वाक्य होते. मंत्र्यांनी सभागृहाला दिलेल्या अशा ग्वाहीमागे आश्वासन समिती, म्हणजे दिलेली आश्वासने पाळली का हे पाहणारी विधिमंडळाची समिती, लागू शकते. शेऱ्यामागे कोणतीही समिती लागत नाही. कार्यालयातील त्या मुलाने ते वाक्य पिवळ्या रंगाने रंगवून त्याच्या तीन प्रती आमच्या हाती दिल्या. रविभवनातील तीन मिनिटांपेक्षा ते एक वाक्य मला अधिक टिकाऊ वाटले, आणि पुढे तसेच झाले.

संयुक्त पाहणी जानेवारी २०२४ च्या अखेरीस झाली, म्हणजे पंधरा दिवसांची मुदत उलटून गेल्यावर. अभियंते आले, कंत्राटदाराचा माणूस आला, उंची मोजण्याची लेव्हल लावली गेली. मध्यंतरी कार्यालयाकडून एक आडवाट सुचवण्यात आली होती : आमदारांना स्थानिक विकास कार्यक्रमाखाली वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात, त्यातून नाली बांधून टाकू, विषय मिटेल. लेआउटमधील बहुतेकांना हे सोयीचे वाटले. मी विरोध केला, कारण रस्ता चुकीच्या उंचीवर बांधणाऱ्याची चूक लोकांच्याच दुसऱ्या निधीतून झाकली गेली असती आणि पुढचा रस्ताही तसाच झाला असता. आमदारांनी माझे म्हणणे ऐकून निधीचा प्रस्ताव मागे घेतला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. नाली त्याच यंत्रणेच्या खर्चाने एप्रिल आणि मे महिन्यांत बांधली गेली.

आता कापलेल्या अर्ध्या ताऱ्याविषयी. ‘पाठपुराव्याला यश’ असा फ्लेक्स चौकात फेब्रुवारीतच लागला, जेव्हा नालीसाठी एक फावडेही मातीला लागले नव्हते. फ्लेक्सवर आमदारांसह अकरा छायाचित्रे होती. पत्रे टंकलिखित करणाऱ्या मुलाचे त्यात नव्हते. एखाद्याला ही बाब क्षुल्लक वाटेल, पण फ्लेक्स लागल्यावर कार्यालयाच्या लेखी काम संपते आणि त्यानंतर केलेल्या फोनला ‘झाले ना तुमचे’ असे उत्तर मिळू लागते. मार्चमध्ये काम रेंगाळले तेव्हा पाठपुरावा सर्वस्वी आम्हालाच करावा लागला. राखून ठेवलेला एक पूर्ण तारा या त्रुटीसाठी आहे : कार्यालय पत्र पाठवते, पण गेलेल्या पत्राकडे स्वतःहून पुन्हा पाहत नाही. जावक नोंदवहीत क्रमांक आहे, विषय आहे, तारीख आहे. ‘उत्तर आले काय’ असा रकानाच नाही. मी तो आखून देण्याची तयारी दाखवली होती. चौतीस वर्षे रकाने आखण्यातच गेली असल्याने मला त्यात काही कमीपणा नव्हता. मुलगा हसला आणि साहेबांना विचारतो म्हणाला.

ही सेवा वापरू इच्छिणाऱ्याने सोमवारी सकाळी जाऊ नये, गर्दी असते. अर्जाची एक प्रत पुरेशी नसते, तीन न्याव्यात. अधिवेशनाच्या तोंडावर पोहोचणाऱ्यांना फक्त शेऱ्याचा मार्ग उरतो. प्रश्न दाखल व्हावा असे वाटत असेल तर दिवाळीच्या बरेच आधी जाऊन बसावे. आणि रस्ता कोणाचा हे स्वतः आधी शोधून नेले तर निदान तीन आठवडे वाचतात.

२०२४ च्या पावसाळ्यात तेवीसपैकी एकवीस घरे कोरडी राहिली. वळणावरची दोन घरे राहून गेली, कारण तेथे नालीचा उतार उलटा पडला आहे आणि जोराचा पाऊस झाला की पाणी चेंबरमधून वर येते. त्यांच्यासाठी जुलैमध्ये नवे पत्र काढून घेतले. त्यात जुने सातही जावक क्रमांक आणि छापील उत्तरातील ते पिवळे वाक्य संदर्भ म्हणून घातले आहे. पत्र टंकलिखित करताना त्या मुलाने नोंदवहीचे नवे पान माझ्यासमोर उघडले. शेवटचा रकाना पट्टीने आखलेला होता आणि त्याच्या डोक्यावर ‘उत्तर’ असे लिहिलेले होते. आमच्या दोन घरांसमोर तो अद्याप रिकामा आहे.